शिकागोची ऑडिटोरियम इमारत : भिंतीआडचे स्थापत्य

हॉटेल, कार्यालये व सुमारे ४,२०० आसनांचे नाट्यगृह एकाच वास्तूत सामावणारी ही इमारत १८८९ मध्ये पूर्ण झाली. इतिहासकारांनी लुई सुलिव्हनच्या अलंकरणाचे गोडवे गायिले. त्याचा भागीदार डँकमार ॲडलर याचा उल्लेख बहुधा ध्वनियोजनेपुरताच होतो. प्रस्तुत लेखकास हे अपुरे वाटते. कार्यालयांची गरज दिवसा, नाट्यगृहाची सायंकाळी, हॉटेलची अष्टौप्रहर. या तिन्हींचा मेळ ॲडलरला घालावा लागला. नाट्यगृहात सोडावयाची हवा पाण्याच्या तुषारांनी धुतली जाई, उन्हाळ्यात बर्फाने थंड होई. रंगमंचाचे भाग जलदाबाने वर-खाली होत. त्यातच मऊ चिकणमातीवरील पाया असमान खचला. अशा वास्तूत नळांचे सांधे राखणे नक्षीकामाहून कमी कौशल्याचे कसे मानावे? नाट्यगृह १९४१ मध्ये बंद पडले. १९६७ मध्ये ते पुन्हा उघडले.