घरबसल्या नर्सिंग?

एक माजी विद्यार्थिनी अम्मीला घेऊन घरी आली. नुकतीच दहावी झालेली. म्हणाली, "सर, घरबसल्या नर्सिंग करता येतं म्हणे. वर्षात सर्टिफिकेट." विड्या वळणाऱ्या अम्मीने फीचा पहिला हप्ता भरलाही होता. मी विचारलं, "कौन्सिलमध्ये नोंदणी होणार का?" दोघी गप्प.

नर्सिंगचा इतिहास माहीत असता तर तो हप्ता वाचला असता.

मदिनेत मशिदीजवळ तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) हे काम वैद्य असलेल्या वडिलांच्या हाताखाली शिकल्या, असं सांगतात. आपल्याकडे रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं. तेव्हा हे काम हलकं समजलं जाई. तरी रमाबाईंनी बायकांना शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं. पुस्तक घरी वाचता येतं. जखम बांधणं, प्रसूती करणं रुग्णाजवळच शिकावं लागतं. पुढे १९४७ च्या कायद्याने इंडियन नर्सिंग कौन्सिल आली आणि शिक्षणाला देशभर एक माप मिळालं.

मग दूरशिक्षण कुठून आलं? डिप्लोमा घेऊन नोकरीला लागलेल्या सिस्टरना पदवी हवी होती, पण नोकरी आणि मुलंबाळं सोडून कॉलेजात जाणं शक्य नव्हतं. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इग्नूने १९९४ मध्ये त्यांच्यासाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग सुरू केलं. अटी स्पष्ट होत्या: बारावी, जीएनएम, कौन्सिलची नोंदणी आणि दोन वर्षांचा अनुभव. अभ्यासक्रम किमान तीन वर्षांचा, आणि प्रात्यक्षिकाला हजेरी सक्तीची.

म्हणजे दूरशिक्षणाने नर्स बनत नाही. आधीच नर्स असलेली पुढे शिकते. मी स्वतः नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बीएड केलं. तिथेही अट हीच होती: आधी वर्गावर शिकवणारा शिक्षक हवा. त्या पुस्तकांचा मला उपयोग झाला, कारण सकाळी वाचलेलं दुपारी पोरांसमोर पडताळता येत होतं.

मी मायलेकींना हा क्रम कागदावर लिहून दिला: बारावी, मान्यताप्राप्त संस्थेत जीएनएम, नोंदणी, नोकरी, मग हवी तर घरून पदवी. अम्मी म्हणाल्या, "लई वर्सं लागतील, सर." लागतील. पण त्या कागदावर सिव्हिलमध्ये नोकरी मिळते. वर्षात मिळणाऱ्या त्या सर्टिफिकेटवर नाही.

हप्ता परत मिळाला नाही. पोरगी मात्र अकरावीला आहे.