वखारीतले घराणे

'वखार' हा शब्द ऐकला की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात: इतिहासाच्या पुस्तकातली सुरत-राजापूरची इंग्रजांची वखार, नाही तर गावाबाहेरची लाकडांची वखार. तिथे माल साठवतात. तिथे गाणे जन्माला आले असे कोणी सांगितले, तर आपण हसू. परंतु अमेरिकेतील शिकागो शहरी असे घडले खरे! आपल्याकडे ग्वाल्हेर, किराणा, जयपूर ही नावे घराण्यांना मिळाली. तिकडे एका नृत्यसंगीताला वखारीचे नाव मिळाले. ज्याच्यामुळे ते मिळाले, त्या फ्रँकी नकल्सची ही हकिकत.

फ्रँकीचा जन्म १८ जानेवारी १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. तो कृष्णवर्णीय होता आणि समलिंगी होता; म्हणजे त्या काळच्या समाजात दोन्ही बाजूंनी दाराबाहेरचा. त्याचा व्यवसाय तबकड्या वाजवण्याचा. यात कसली आली कला, असे वाचक म्हणतील. पण भजनाला बसलेल्यांना हे कळेल. एक अभंग संपून दुसरा सुरू होतो, तरी मृदंगावरचा हात थांबत नाही. थांबला तर डोलणारे भानावर येतात. फ्रँकी दोन यंत्रांवर दोन तबकड्या ठेवी. एकीची लय दुसरीशी जुळवून घेई, आणि पहिली केव्हा संपली हे नाचणाऱ्यांना उमगतही नसे. ही विद्या तो व त्याचा मित्र लॅरी लेव्हन न्यूयॉर्कमध्ये शिकले.

शिकागोच्या रॉबर्ट विल्यम्स यांना आपल्या नृत्यगृहासाठी असा माणूस हवा होता. त्यांनी आधी लेव्हनला विचारले. तो आला नाही, म्हणून १९७७ साली फ्रँकी आला. साउथ जेफरसन स्ट्रीटवरील २०६ क्रमांकाची ती जुनी औद्योगिक इमारत; लोक तिला 'वेअरहाऊस' म्हणजे वखारच म्हणत. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी उजाडल्यावरही चाले. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, त्यांतले कितीतरी फ्रँकीसारखेच घरादाराने दूर केलेले. मध्येच तो दिवे मालवी आणि धडधडत जाणाऱ्या आगगाडीचा आवाज असा सोडी, की ती या भिंतीतून शिरून त्या भिंतीतून बाहेर पडल्याचा भास व्हावा!

याच शहरात १२ जुलै १९७९ रोजी वेगळाच प्रकार घडला. कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर ९८ सेंट आणि एक डिस्को तबकडी देणाऱ्याला प्रवेश होता. दोन सामन्यांच्या मध्यंतरात त्या तबकड्यांचा ढीग सुरुंगाने उडवण्यात आला. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले, आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. चेष्टा म्हणून योजलेला हा कार्यक्रम. पण डिस्को हे प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे आणि समलिंगींचे संगीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या धुराचा वास निराळा येतो.

पुढे मोठ्या कंपन्यांनी डिस्कोकडे पाठ फिरवली. नव्या तबकड्या येईनाशा झाल्या. मग फ्रँकीने काय केले? आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत, तेच! जुनी गाणी ध्वनिफितीवर घेऊन तो ती कापी, जोडी, ठेक्याचा भाग लांबवी. ही गाणी मागत तरुण दुकानात येऊ लागले. दुकानदारांनी तबकड्यांवर 'वेअरहाऊस'च्या नावाची चिठ्ठी लावली. तिचे आखूड रूप झाले 'हाऊस'. नावाच्या उगमाची ही सर्वांत प्रसिद्ध कथा. वखारीचा अर्धा शब्द गळाला आणि उरले ते घर!

पुढे वेअरहाऊस सोडून फ्रँकीने 'पॉवर प्लांट' हे स्वतःचे नृत्यगृह काढले. डेट्रॉइट शहरात 'टेक्नो' संगीताचा पाया घालणाऱ्यांपैकी डेरिक मे याने त्याला जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-९०९ हे ठेका देणारे यंत्र विकले. गोधडी शिवणारा आता स्वतःच सूत कातू लागला. जेमी प्रिन्सिपल याच्याबरोबरचे त्याचे 'युअर लव्ह' हे गाणे फार गाजले. नंतर तो न्यूयॉर्कला परतला, आणि १९९८ साली गाण्यांची नवी रूपे घडवणाऱ्यांसाठी त्याच वर्षी सुरू झालेले पहिले ग्रॅमी पारितोषिक त्यालाच मिळाले.

२००४ साली शिकागोने जेफरसन स्ट्रीटच्या त्या भागाला फ्रँकी नकल्सचे नाव दिले. ज्या शहराने तबकड्या उडवल्या, त्यानेच पंचवीस वर्षांनी तबकड्या वाजवणाऱ्याच्या नावाची पाटी लावली. मधुमेहाने त्याचे एक पाऊल गेले, तरी तो वाजवीत राहिला. ३१ मार्च २०१४ रोजी शिकागोतच त्याचे निधन झाले. २०२३ साली ती इमारतही शहराची संरक्षित वास्तू ठरली.

आज हाऊस संगीत जगभर वाजते. आपल्या गल्लीतल्या वरातीत एकसारखा धडधडणारा यांत्रिक ठेका ऐकून आम्ही मास्तर मंडळी कानांवर हात ठेवतो. ठेवावेत; कान आपले आहेत. पण तसल्या ठेक्याच्या कुळीत एक वखार आहे, आणि जगाने टाकून दिलेली गाणी व टाकून दिलेली माणसे तिथे जपून ठेवली गेली, एवढे मुलांना सांगायला हरकत नाही.