गौलीगुडा बसस्थानक

गौलीगुडा बसस्थानक : हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तर तीरावर, अफझलगंज, पुतलीबावली आणि जांबाग या जुन्या वस्त्यांच्या सान्निध्यात असलेले, 1932 पासून 2018 पर्यंत उपयोगात राहिलेले मोटारवाहतुकीचे ठाणे. विमाने ठेवण्यासाठी बनविलेल्या पोलादी छताखाली ते चालत असे, आणि म्हणून दख्खनमधील हवाई आणि जमिनीवरील वाहतूक यांचा संबंध ज्याला समजून घ्यावयाचा आहे त्याने बेगमपेठ किंवा शमशाबाद येथील विमानतळांपासून नव्हे, तर गौलीगुड्यापासून आरंभ करणे अधिक युक्त होय.

सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत, जून 1932 मध्ये, हैदराबाद संस्थानच्या रेल्वेखात्याने सत्तावीस मोटारी आणि एकशे सहासष्ट नोकर यांच्या बळावर रस्तावाहतूक आपल्या हाती घेतली. रेल्वे आणि मोटार एकाच खात्याच्या अमलाखाली असल्यामुळे जेथे रूळ संपतो तेथून मोटार निघावी, दोहोंनी एकमेकींचे उतारू पळवू नयेत, असा बंदोबस्त येथे सहज करता आला. ज्या काळी हिंदुस्थानात अन्यत्र मोटारवाहतूक बहुतांशी खासगी मालकांच्या मर्जीवर चालत होती त्या काळी ही व्यवस्था खरोखरच दूरदर्शी होती, आणि तिचे श्रेय त्या कारभाराला निःसंकोचपणे दिले पाहिजे. अल्बियन बनावटीच्या त्या पहिल्या गाड्यांपैकी एक राज्य परिवहन महामंडळाच्या मुशीराबाद येथील बसभवनात जतन करून ठेवलेली आहे. गाड्यांच्या क्रमांकात आजतागायत दिसणारे ‘झेड’ हे अक्षर निझामांच्या मातोश्री झहरा बेगम यांच्या स्मरणार्थ घातले गेले, असे हैदराबादेत परंपरेने सांगितले जाते.

या खात्याला आपल्या मोटारींसाठी जे छत मिळाले ते अमेरिकेतील मिसिसिपीहून आणलेले म्हणून ‘मिसिसिपी हँगर’ या नावाने प्रसिद्ध होते. कमानदार आकाराचे, पोलादी पत्र्यांचे आणि मध्ये खांबांचा अडथळा नसलेले हे भव्य दालन विमानांसाठी असल्यामुळेच बसगाड्यांना सोयीचे ठरले. फलाटांच्या रांगांतून गाडी वळवून घेण्यास जी मोकळीक लागते ती दगडी इमारतीत मिळाली नसती. निजामी राजवट गेल्यावर 1 नोव्हेंबर 1951 रोजी रस्तावाहतूक रेल्वेपासून निराळी झाली, 1956 मध्ये संस्थानचा मुलूख तीन राज्यांत विभागला गेला, 1958 च्या जानेवारीत आंध्र प्रदेशाचे परिवहन महामंडळ स्थापन झाले. परंतु छत तेच राहिले. 5 जुलै 2018 रोजी सकाळी ते कोसळले. पत्रे निखळू लागल्याचे ध्यानी आल्यामुळे काही दिवस आधीच गाड्या आणि उतारू तेथून हलविलेले होते, म्हणून जीवितहानी झाली नाही. शहाऐंशी वर्षे ज्या वास्तूने लाखो लोकांना ऊन-पावसापासून आसरा दिला, तिची डागडुजी वेळीच झाली असती तर दख्खनच्या वाहतुकीच्या इतिहासाचे ते उत्कृष्ट संग्रहालय झाले असते, याची हळहळ प्रस्तुत लेखकाला वाटते.

मराठी माणसाच्या दृष्टीने या ठाण्याचे महत्त्व निराळे आहे. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे 1956 पर्यंत हैदराबादच्या अमलाखाली होते. उच्च न्यायालय मुसीच्या पलीकडच्या तीरावर, उस्मानिया रुग्णालय अफझलगंजात, विद्यापीठ आणि सरकारी दप्तरे याच शहरात. त्यामुळे अपिलाचे कागद घेतलेला पक्षकार, प्रवेशासाठी आलेला विद्यार्थी आणि दुखणाईताला घेऊन आलेले कुटुंब, या सर्वांची वाट काचीगुड्याच्या रेल्वेस्थानकावरून नाहीतर गौलीगुड्याच्या मोटारठाण्यावरून जात असे. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक प्रभृतींच्या प्रयत्नांनी 1907 मध्ये निघालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था जांबागेत, म्हणजे ठाण्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मराठी कुटुंबांची वस्तीही याच पट्ट्यात, सुलतानबाजार आणि काचीगुड्याच्या आसपास, घट्ट झाली. परमुलखातून येणाऱ्यास उतरल्याबरोबर आपली भाषा कानी पडावी, ही सोय कोणत्याही नकाशात दाखविता येत नाही.

वाढत्या वाहतुकीला जागा अपुरी पडू लागल्यावर 1994 मध्ये समोरच, मुसीच्या पात्रातील इमलीबन बेटावर महात्मा गांधी बसस्थानक उभारण्यात आले आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या. जुन्या हँगराखाली शहरातील गाड्या उरल्या. नांदेड, लातूर, सोलापूर या बाजूंच्या गाड्या आता इमलीबनलाच येतात. नदीपात्रात ठाणे बांधण्याचा धोका मात्र उघड होता. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुराने याच परिसराची दाणादाण उडविली होती, आणि त्यानंतर उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे बांधली गेली असली तरी 2025 च्या सप्टेंबरात धरणांतून सोडलेले पाणी बसस्थानकात शिरून उतारूंना रात्री बाहेर काढावे लागले.

मोटारवाहतुकीप्रमाणे हवाई वाहतुकीचा आरंभही निजामाच्या संस्थानी कारभारातच झाला. बेगमपेठेचे विमानतळ निजामाच्या काळातले. 1945 मध्ये निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत निघालेली डेक्कन एअरवेज डाकोटा विमाने चालवीत असे आणि 1953 मध्ये ती राष्ट्रीयीकरणात विलीन झाली. बेगमपेठ हे शहरातले विमानतळ होते. गौलीगुड्याहून रिक्षाने तेथे अल्पावधीत पोहोचता येई. 23 मार्च 2008 रोजी नागरी विमानसेवा शहराच्या दक्षिणेस शमशाबाद येथील राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर नेण्यात आली आणि बेगमपेठ नेहमीच्या प्रवासी वाहतुकीस बंद झाले.

शमशाबादचे विमानतळ सरकार आणि खासगी उद्योग यांच्या भागीदारीतून, विस्तीर्ण माळावर नव्याने बांधलेले असून त्याची मुख्य धावपट्टी 4,260 मीटर लांब आहे. देशांतर्गत आणि परदेशी अशा दोन्ही प्रवाशांसाठी एकच इमारत असल्यामुळे मुंबई-दिल्लीप्रमाणे एका इमारतीतून दुसरीत जाण्याची यातायात येथे नाही, आणि नवख्या प्रवाशाच्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण समजावा. प्रस्थान वरच्या मजल्यावर, आगमन खाली. दारावर तिकीट आणि ओळखपत्र दाखवून आत शिरल्यावर प्रथम विमानकंपनीचा कक्ष, मग परदेशी जाणाऱ्यास पारपत्राची तपासणी, नंतर सुरक्षातपासणी, असा क्रम असतो.

तपासणी ओलांडल्यावर लाउंज, म्हणजे विश्रामकक्ष, लागतात. वरच्या वर्गाचे तिकीट, विमानकंपनीचे विशेष सभासदत्व किंवा ठराविक बँकांची कार्डे असणारास तेथे भोजन, आसन आणि निवांतपणा मिळतो. अनेक कार्डांवर यंत्रातून दोन रुपयांसारखी नाममात्र रक्कम वजा होते, मात्र मागील तिमाहीत अमुक इतका खर्च केलेला असावा अशी अट बँका अलीकडे घालू लागल्या आहेत, तेव्हा निघण्यापूर्वीच बँकेकडे चौकशी केलेली बरी. विसाव्याची खरी गरज ज्याला आहे तो देगलूर किंवा बिलोलीहून रात्रभर बसमध्ये बसून आखातातल्या नोकरीसाठी निघालेला तरुण आणि त्याला निरोप द्यायला आलेली माणसे. त्यांच्यापाशी असली कार्डे नसतात, आणि निरोप देणाऱ्यांना तर आत प्रवेशही नसतो. जुन्या हैदराबादेत स्थानकाजवळ मुसाफिरखाने असत व ते परगावच्या कोणाही मुसाफिराला उघडे असत. तशी स्वस्त, स्वच्छ आणि सर्वांना खुली जागा विमानतळाच्या दाराबाहेर असणे हे लोकहिताचे अगत्याचे काम आहे.

गौलीगुड्याहून विमानतळ वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. 2009 मध्ये खुला झालेला मेहदीपट्टणम ते आरामघर हा 11.6 किलोमीटरचा उंच मार्ग पश्चिमेकडच्या वस्त्यांना उपयोगी पडला. मुसीकाठच्या जुन्या शहराला मात्र बहादूरपुऱ्याच्या गर्दीतून वाट काढावी लागे, आणि त्याच्या वाट्याला प्राणिसंग्रहालय ते आरामघर हा सुमारे 4 किलोमीटरचा उड्डाणपूल जानेवारी 2025 मध्ये आला. परिवहन महामंडळाच्या ‘पुष्पक’ नावाच्या वातानुकूलित गाड्या शहराच्या निरनिराळ्या भागांतून विमानतळावर जातात. इमलीबनच्या स्थानकाला लागूनच असलेल्या मेट्रोस्थानकात तांबडा आणि हिरवा हे दोन मार्ग एकत्र येतात, तेव्हा तांबड्या मार्गाने एल. बी. नगर गाठून तेथून पुष्पक धरणे हा एक सुलभ पर्याय आहे. उमदानगरचे रेल्वेस्थानक विमानतळापासून काही किलोमीटरवर असले तरी थेट आत जाणारा रूळ नाही. रायदुर्गहून विमानतळापर्यंत मेट्रो नेण्याची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली होती. पुढल्या सरकारने ती आखणी बाजूस ठेवून नागोल, एल. बी. नगर आणि चांद्रायणगुट्टा या बाजूने नेणारी नवी योजना पुढे केली. नवी आखणी जुन्या शहराच्या अधिक जवळून जाते, म्हणून ती श्रेयस्कर आहे, आणि 1932 मध्ये रूळ व रस्ता एकत्र विचारात घेणाऱ्या शहराला ती शोभणारीही आहे. परंतु आखणीने उतारू पोहोचत नाही, ती लवकर अमलात आली पाहिजे.

तोपर्यंत मराठवाड्यातून येणाऱ्या वाचकाने इमलीबनला उतरल्यावर परदेशच्या विमानासाठी किमान पाच तास हाताशी ठेवावेत, कारण विमानकंपन्यांचे कक्ष बहुधा सुटण्याच्या तासभर आधी बंद होतात आणि त्यानंतर कोणाचीही रदबदली चालत नाही.