झॉम्बी : एका शब्दाचा प्रवास



‘झोंबी’ हा शब्द मराठीला नवा नाही. झोंबी म्हणजे झटापट, अंगाला अंग भिडवून केलेली कुस्ती. आनंद यादवांची ‘झोंबी’ ही शिक्षणासाठी परिस्थितीशी घेतलेल्या झोंबीचीच कहाणी. आज मी ज्या शब्दाबद्दल बोलणार आहे तो कानाला जवळपास तसाच लागतो, पण त्याचं हिच्याशी नातं नाही. अर्थ तर अगदी उलटा. आपल्या झोंबीत माणूस सगळं बळ एकवटतो; त्या झॉम्बीत बळ आहे, पण ते स्वतःसाठी वापरणारा कोणी उरलेला नाही. घोटाळा नको म्हणून मी त्याला ‘झॉम्बी’च म्हणेन.

आपल्याकडे तो सिनेमातून आला. २०१३ साली ‘गो गोवा गॉन’, २०२२ साली ‘झोंबिवली’. तिथे झॉम्बी म्हणजे काय, तर चालत येणारं आणि चावणारं मढं. पण हैतीत, जिथे या शब्दाला आजचा अर्थ मिळाला, तिथली खरी भीती झॉम्बीची नव्हती. आपण स्वतः झॉम्बी होऊ, ही होती. ती भीती उलटी कशी झाली, हा आजचा विषय.

आधी शब्द. तो मूळचा मध्य-पश्चिम आफ्रिकेतला, म्हणजे आजच्या काँगो-अंगोलाच्या पट्ट्यातला. किकोंगो भाषेत ‘न्झांबी’ म्हणजे परमेश्वर. त्याच पट्ट्यात याच्याशी मिळतेजुळते, भूत किंवा मृतात्मा अशा अर्थाचे शब्दही आहेत. नेमका कुठल्या शब्दातून झॉम्बी निघाला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तो गुलामांच्या जहाजांतून अटलांटिक ओलांडून गेला, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे.

पलीकडे गेल्यावर त्याचं काय झालं बघा. ब्राझीलमध्ये पळून गेलेल्या गुलामांनी पाल्मारेस नावाची स्वतंत्र वसाहत उभी केली होती. तिचा शेवटचा नेता झुंबी. पोर्तुगीजांनी त्याला २० नोव्हेंबर १६९५ रोजी ठार मारलं. ब्राझील आज तो दिवस कृष्णवर्णीयांच्या अस्मितेचा दिवस म्हणून पाळतो. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने ब्राझीलचा इतिहास लिहिला, त्यात १८१९ साली याच नेत्याच्या संदर्भात ‘झॉम्बी’ हा शब्द आला. इंग्रजीतल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. म्हणजे इंग्रजी वाचकाला अगदी सुरुवातीला भेटलेल्या झॉम्बींपैकी एक हा गुलामी नाकारणारा माणूस होता!

कॅरिबियन बेटांवर मात्र शब्द भुताखेतांकडे गेला. १६९७ सालच्या ब्लेसबुआच्या फ्रेंच कादंबरीत तो शीर्षकातच आहे. पुढे १७९७ साली मोरो द सां-मेरी याने सां-दोमांग या फ्रेंच वसाहतीचं सविस्तर वर्णन लिहिलं. हे सां-दोमांग म्हणजेच आजचं हैती. तो झॉम्बीचा अर्थ सांगतो : आत्मा, परत येणारं भूत. लक्षात घ्या, उसाच्या मळ्यात राबणारं प्रेत या नोंदींत अजून नाही.

पण त्याची जमीन तयार होत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस या एका वसाहतीत सुमारे ५ लाख गुलाम होते. साखर आणि कॉफी. माणसं इतक्या वेगाने मरत की जहाजं भरभरून नवी आणावी लागत. त्यांना लागू असलेला फ्रेंच राजाचा १६८५ सालचा कायदा, ‘कोड न्वार’, म्हणजे ‘काळी संहिता’, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने जरूर वाचावा. दुसरं कलम सांगतं, गुलामांना बाप्तिस्मा द्या, धर्म शिकवा. चव्वेचाळिसावं कलम सांगतं, गुलाम ही जंगम मालमत्ता आहे. आता बाप्तिस्मा कोणाला देतात? ज्याला आत्मा आहे त्याला. टेबलखुर्चीला कोणी देत नाही. म्हणजे आत कोणीतरी आहे हे कायद्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच त्याने त्या माणसाची गणना सामानात केली.

अशा माणसाला आशा कशाची? मृत्यूची. मेल्यावर आपण समुद्रापार ‘गिनें’ला, पूर्वजांच्या आफ्रिकेत परत जाऊ, ही श्रद्धा हैतीच्या व्होडू धर्मात आजही आहे. आता कल्पना करा की तीही वाट बंद झाली. कोणी मांत्रिकाने, ‘बोकोर’ने, तुम्हाला थडग्यातून उठवलं आणि पुन्हा कामाला जुंपलं. आपल्याकडचा मुंजा काय, हडळ काय, त्यांचा देह जातो आणि वासना मागे राहते. या झॉम्बीचं उलट आहे. देह राहतो, इच्छा काढून घेतली जाते. हैतीत बाटलीत कोंडलेल्या आत्म्यालाही झॉम्बी म्हणतात, पण जगभर गेला तो हा देहाचा झॉम्बी.

तो कधी गेला? १७९१ साली गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झालं. पुढे १९१५ साली अमेरिकी सैन्याने देश ताब्यात घेतला. ते १९३४ पर्यंत राहिलं. रस्ते बांधायला शेतकऱ्यांना धरून नेऊ लागले. साधी वेठबिगार. याच काळात विल्यम सीब्रुक हा अमेरिकी लेखक तिथे गेला आणि १९२९ साली त्याचं ‘द मॅजिक आयलंड’ आलं. त्यात एका हैतीयन शेतकऱ्याने सांगितलेली गोष्ट आहे. १९१८ चा ऊसहंगाम. एक मुकादम मेलेल्या माणसांची टोळी अमेरिकी साखर कंपनीच्या कामावर आणतो आणि त्यांची मजुरी स्वतः घेतो. त्यांना जेवण देताना एक पथ्य : मीठ द्यायचं नाही. एकदा मुकादमाच्या बायकोला दया येते. ती त्यांना गोड वड्या खायला देते. वड्यांतले दाणे खारवलेले असतात. मीठ जिभेला लागताच आपण मेलो आहोत हे त्यांना उमगतं, आणि ते कोणाला न जुमानता आपल्या गावच्या स्मशानाकडे चालू लागतात.

माझ्या मते ही गोष्ट त्या काळाचीच आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मोडलेली गुलामी दारात परत दिसली, आणि जुन्या भुताने मजुराचं रूप घेतलं. हैतीच्या जुन्या दंडसंहितेतही २४६ वं कलम होतं : औषध देऊन एखाद्याला मृतवत करणं आणि त्याला पुरणं हा खून मानावा, मग परिणाम काहीही होवो.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. १९३२ साली ‘व्हाइट झॉम्बी’ आला. त्यात साखरेचा कारखाना आहे. एक झॉम्बी यंत्रात पडतो आणि बाकीचे चाक फिरवत राहतात. तोपर्यंत मजूर पडद्यावर होता. १९६८ साली जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आला. त्यात झॉम्बी हा शब्दच नाही, पण प्रेक्षकांनी त्या मांसभक्षक मढ्यांना तेच नाव दिलं. मालक गेला, मळा गेला, राहिली फक्त अंगावर येणारी झुंड. भीती उलटली ती इथे.

आणि मग आम्ही तत्त्वज्ञानवाले आलो. रॉबर्ट कर्क यांनी १९७४ साली आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९६ साली एक काल्पनिक झॉम्बी मांडला. हुबेहूब तुमच्याआमच्यासारखा, बोलतो, हसतो, टोचलं तर ओरडतो. पण आत अनुभव नाही. असा प्राणी कल्पनेत तरी शक्य आहे का? शक्य असेल, तर जाणीव केवळ मेंदूच्या रचनेने कशी समजावून सांगणार? प्रश्न खरा आहे, मी त्याला हसणार नाही. पण तो शिकताना आणि शिकवताना शब्दाचा हा इतिहासही समोर असावा. ‘समोरच्याच्या आत कोणी नाही’ हे वाक्य वर्गात विचारप्रयोग असतं. मळ्यावर ते धोरण होतं.

शेवटी त्या मिठाकडे येतो. मराठीत आपण म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावं. म्हणजे धन्याशी इमान राखावं. हैतीच्या गोष्टीत मीठ खाल्लेला माणूस खरोखरच जागा होतो, आणि धन्याला सोडून निघतो. त्या मुकादमाला आत कोणी नाही अशी खात्री असती, तर त्याने मीठ कशाला लपवलं असतं?

इथे थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.