जोगेश्वरीची टेकडी आणि जून महिना

पालकहो, एप्रिलमध्ये परीक्षा आटोपते, मे गावी जातो, जूनला नवा वर्ग भरतो. दहावीनंतरच्या जूनमध्ये मात्र शाळाच मागे राहते.

१९१४ साली सर महंमद युसूफ यांनी मुस्लिम तरुणांच्या उच्च शिक्षणासाठी ८ लाख रुपये दिले. त्यातून जोगेश्वरीच्या टेकडीवरील इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झाले ते १९३० साली. मधली सोळा वर्षे मोजा! देणगीच्या वर्षी मॅट्रिक झालेल्यांची मुलेही तोवर शाळेत जाऊ लागली असतील. उपनगरातल्या मुलाला तोपर्यंत शहरातले एल्फिन्स्टन किंवा विल्सन गाठावे लागे. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली, प्रवास सुकर झाला. पण पासाचे पैसे घरूनच द्यावे लागत.

पुढे १९७५ साली जुन्या अकरावीचे आणि नव्या दहावीचे विद्यार्थी एकाच वर्षी एस.एस.सी.ला बसले. अकरावी शाळेतून गेली, कॉलेजचा उंबरठा वर्षभर अलीकडे आला. मुलीला कॉलेजात पाठवायचे की नाही, हा प्रश्नही घरात वर्षभर आधी उभा राहू लागला. विद्यार्थिनींनो, तुम्हाला ठाऊकच आहे, बऱ्याच घरांत त्याचे उत्तर निकालापूर्वीच, मेच्या सुट्टीत गावी ठरते.