तेलताड : मलेशियातील मळे

मूळच्या पश्चिम आफ्रिकेतील एलिस गिनीन्सिस या ताडकुलातील वृक्षाची मलेशियात होणारी व्यापारी लागवड. क्षेत्र सुमारे 57 लाख हेक्टर; त्यातील निम्म्याहून अधिक बोर्निओ बेटावरील सारावाक व साबा या राज्यांत. पामतेलाच्या उत्पादनात मलेशियाचा क्रमांक इंडोनेशियाच्या खालोखाल लागतो.

इतिहास : 1848 मध्ये जावातील बोगोरच्या वनस्पतिउद्यानात लावलेली चार रोपे ही आग्नेय आशियातील जुन्या मळ्यांची मूळ झाडे मानतात. मलायातील पहिला व्यापारी मळा 1917 मध्ये सलांगोरमधील टेनामारम येथे आंरी फोकोनिए या फ्रेंच मळेवाल्याने घातला. (याच गृहस्थाला पुढे 1930 मध्ये कादंबरीसाठी गोंकूर पुरस्कार मिळाला.) 1981 मध्ये कॅमेरूनचा सोंड्या भुंगा आणून सोडल्यावर हाताने परागण करण्याचे काम जवळजवळ संपले.

पीकआरोग्याची पाहणी : झाडाला खत कमी पडते की नाही, ते सतराव्या झावळीवरून ठरवतात. शेंड्याकडची पूर्ण उघडलेली पहिली झावळी एक धरून खाली मोजत यायचे. झावळ्या खोडाभोवती सर्पिल क्रमाने येतात. पहिली, नववी व सतरावी साधारण एका रेषेत सापडत असल्याने सरावाच्या मजुराला मधल्या मोजाव्या लागत नाहीत. तिच्या पात्यांतील नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम व बोरॉन तपासून खताची मात्रा बसवतात. गेंड्या भुंगा, पिशवीत राहणारी पानखाऊ अळी आणि उंदीर यांच्यावरही नजर ठेवावी लागते. उंदरांसाठी मळ्यात गव्हाणी घुबडांच्या पेट्या उभारतात.

बुंधाकूज : गॅनोडर्मा बोनिनेन्स या बुरशीमुळे होणारा, मलेशियातील तेलताडाचा सर्वांत घातक रोग; येथे त्याला अधिक जागा दिली आहे ती त्यामुळेच. 1930 च्या सुमारास तो केवळ म्हाताऱ्या झाडांचा समजला जाई. नारळबागा तोडून घातलेल्या किनारपट्टीच्या मळ्यांत मात्र तो तरुण झाडांवर आला, कारण जमिनीत राहिलेल्या नारळाच्या बुंध्यांवर बुरशी पोसली गेली. पुढे तो आतल्या भागात आणि पीटच्या दलदली जमिनींतही पोचला. प्रसार मुळांच्या स्पर्शाने होतो की हवेतील बीजाणूंनी, याविषयी मतभेद आहेत; दोन्ही मार्ग संभवतात.

शेंड्यात न उघडलेले अनेक कोंब साचणे, खालच्या झावळ्या मोडून खोडालगत लोंबणे आणि बुंध्यावर टणक भूछत्रे येणे ही मुख्य लक्षणे. मोठ्या झाडात ती दिसेपर्यंत बुंध्याचा निम्मा भाग कुजलेला असतो. तपासणीच्या पद्धती वाढत गेल्या त्या या उशिरामुळे. काठीने खोड ठोकून पोकळ आवाज ऐकणे ही सर्वांत साधी. त्यानंतर खोडाचा भुसा निवडक माध्यमावर ठेवून बुरशी वाढवणे, डीएनए चाचणी आणि ध्वनिलहरींनी खोडाचे छेदचित्र काढणे या पद्धती आल्या. ड्रोन व उपग्रहांवरून पानांनी परावर्तित केलेला प्रकाश मोजण्याचे प्रयोग अलीकडचे. त्यांचा बोलबाला मोठा आहे, पण उपासमार झालेले किंवा मुळाशी पाणी साचलेले झाडही वरून तितकेच फिकट दिसते. बुंध्याशी वाकून पाहणाऱ्या माणसाची गरज अजून संपलेली नाही.

खात्रीचा इलाज नाही. मातीची भर देऊन किंवा खोडात हेक्साकोनाझोल टोचून झाडाचे आयुष्य काही काळ लांबवता येते. पुनर्लागवडीच्या वेळी बुंधे उपटून खोडे चिरतात. ती न जाळता शेतातच कुजवली जात असल्याने त्यांत गेंड्या भुंगा वाढतो.

ग्रामीण समाज : 1956 मध्ये स्थापन झालेल्या फेल्डा या संस्थेने भूमिहीन कुटुंबांना जंगल तोडून केलेल्या वसाहतींत बसवले. भरती 1990 मध्ये थांबली, तोवर कुटुंबे 1 लाख 12 हजारांवर गेली होती. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 4 हेक्टर, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास झाडे आली. तोडलेला घड सुमारे 24 तासांत गिरणीत गेला नाही तर तेलाची आम्लता वाढते, त्यामुळे शेतकरी जवळच्या गिरणीला बांधलेला राहतो. मळा साधारण 25 वर्षांनी बदलतात. बुंधाकुजीने झाडे विरळ झाली तर ही वेळ अलीकडे येते. नवी रोपे सुमारे 30 महिन्यांनी फळू लागतात, आणि मधल्या काळातली घरखर्चाची उचल कर्जात जमा होते. रोगगणनेची पथके मोठ्या कंपन्यांना परवडतात, चार हेक्टरवाल्याला नाहीत. वसाहतींच्या कर्जाचा विचार रोगाला वगळून करणे प्रस्तुत लेखकाला अपुरे वाटते.

मजूर : पूर्वी मुख्यतः तमिळ, आता इंडोनेशिया, बांगलादेश, नेपाळ येथील. पॅराक्वाट व इतर विषारी औषधे फवारणाऱ्या स्त्रियांच्या प्रकृतीवर तेनागानिता या संघटनेने 2002 मध्ये अहवाल काढला. सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अमेरिकेने 2020 मध्ये दोन मोठ्या कंपन्यांचे तेल अडवले.

मूळनिवासी : ओरांग अस्ली, इबान आदी समाजांचे वडिलोपार्जित जमिनींचे वाद न्यायालयांत गेले आहेत.

महाराष्ट्र : भारत हा पामतेलाचा मोठा आयातदार आहे. 2022 च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकेवर 100 रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ या संचात रवा, साखर व हरभरा डाळ यांबरोबर 1 लिटर पामतेल होते.