फांशीचा कैदी आणि वैद्यकाची निकड



"मेल्यावर देहाचें काय तें कौतुक!" असें आपण सहज म्हणतों. परंतु तो देह कोणाचा आणि घेतला कोणी, हें पाहिल्यावांचून असें म्हणतां येत नाहीं. इतिहासांतील दोन प्रसंग याच कारणासाठीं आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

इ. स. १७५२ सालीं इंग्लंडांत खुनासंबंधीं एक कायदा अंमलांत आला. खुन्यास फांशी दिल्यावर त्याचें प्रेत पुरूं द्यावयाचें नाहीं. एक तर शस्त्रवैद्यांकडून त्याची चिरफाड करवावयाची, नाहींतर तें सांखळदंडांत टांगून ठेवावयाचें. मरणाहूनहि अधिक दहशत बसावी, हा त्यांतील हेतु. शारीरशास्त्राला त्यामुळें प्रेतें मिळूं लागलीं खरीं. पण वैद्यकाच्या शाळा वाढल्या तसतशीं तीं अपुरीं पडलीं, आणि कबरी उकरून प्रेतें विकण्याचा धंदा फोंफावला. एडिंबरा येथें बर्क व हेअर या दोघांनीं तर १८२८ सालापर्यंत सोळा माणसें ठार मारून त्यांचीं प्रेतें डॉ. नॉक्स यांच्या शाळेस विकलीं. १८२९ च्या जानेवारींत बर्क फांशीं गेला. त्याच्याहि देहाची चिरफाड झाली व त्याचा सांगाडा तेथील विद्यापीठांत अद्याप आहे. १८३२ सालच्या कायद्यानें खुन्यांच्या प्रेतांची चिरफाड बंद झाली. पण त्यांच्या जागीं कोण आलें? अनाथगृहांत बेवारशी मेलेले गरीब! काल जी गुन्ह्याची शिक्षा होती, ती दारिद्र्याची झाली.

दुसरा प्रसंग चीनचा. १९८४ सालीं तेथील सरकारनें देहान्ताची शिक्षा झालेल्या कैद्यांचे अवयव वापरण्यासंबंधीं नियम केले. प्रेत बेवारशी असावें, किंवा कैद्याची अथवा त्याच्या आप्तांची संमति असावी, असें त्यांत होतें. त्याच नियमांत, ही गोष्ट गुप्त राखावी व वैद्यकीय चिन्ह असलेली गाडी वधस्थानीं नेऊं नये, असेंहि बजावलें होतें. पुण्यकर्म लपवावें कशाला? २००५ सालीं आरोग्य खात्याचे उपमंत्री हुआंग जिएफू यांनीं बहुतेक अवयव कैद्यांचे असतात, अशी कबुली दिली. १ जानेवारी २०१५ पासून ही प्रथा बंद केल्याचें जाहीर झालें. तथापि २०१९ सालीं लंडन येथें सर जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखालील एका स्वतंत्र न्यायमंडळानें, फालुन गाँग पंथाच्या बंदिवानांचे अवयव बळजबरीनें काढले गेले, असा निष्कर्ष काढला. चीन सरकार हा आरोप नाकारतें.

कोणी म्हणेल, जो मरणारच आहे त्याच्या मूत्रपिंडानें एक रुग्ण जगला, तर बिघडलें काय? रुग्णाची व्यथा खरी आहे. तिची हेळसांड कोणी करूं नये. परंतु ज्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं, त्याचा होकार मोकळा कसा मानावा? शिवाय, अठराव्या शतकांतील वैद्याला प्रेत मिळालें कीं पुरे होई. आजच्या वैद्याला अवयव ताजा हवा, म्हणून मरणाची घटकाहि ठरलेली हवी. वैद्य आणि जल्लाद एकाच घड्याळाकडे पाहूं लागले, तर वैद्याचा धर्म कोठें उरला? आणि कैद्याच्या मरणाची कोणी वाट पाहत बसलें असतां, त्याच्या माफीचा अर्ज शांतपणें कोण वाचणार? न्याय चुकला असला तरी ती चूक कोणाच्या ध्यानीं येणार नाहीं.

देहदान हें थोर दान खरें. पण देणाऱ्याला "नाहीं" म्हणण्याची मुभा असेल, तरच त्याला दान म्हणावें. दधीचीनें अस्थि दिल्या त्या स्वेच्छेनें. म्हणूनच आपण त्याचें नांव आदरानें घेतों.